शंकरपट मोबाईलवर: मिडलवेअर निवडण्याआधी पट पाहून या

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या कॉलेजच्या तीन पोरांनी गोडो या गेम बनवायच्या इंजिनात शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, गेम बनवलाय. दोन खेळाडू, दोन बैलजोड्या, बोटानं टॅप करून जोडी हाकायची. घरच्या वायफायवर दोन फोन झकास जुळतात. पण एक फोन साकोलीत, दुसरा लाखनीत, दोन्ही सिमवर, असं केलं की जोडणीच होत नाही. आता खेळाडूंना जोडून देणारं तयार सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर, कोणतं घ्यावं, नाकामा, कोलिसियस की आणखी काही, ते त्यांना विचारायचंय. सगळं ओपन सोर्स हवं, खिशात पैसे नाहीत, आणि यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, गावात मोबाईलवर पट भरवायचा आहे.

मीही याच पट्ट्यातला. नेटवर्कवाले गेम बनवायला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली. सुरुवात कीपॅडच्या फोनवर ब्लूटूथनं केली होती. तेव्हा एका फोनला जास्तीत जास्त सात फोन जोडता यायचे आणि आठवा मित्र रुसून घरी जायचा. तुमचा प्रश्न 'कोणतं घ्यावं' असा आहे, पण मला आधी दुसरीकडून सुरुवात करावी लागेल. उत्तर लांबेल.

जोडणी होत नाही त्यात तुमच्या कोडची चूक नाही. सिमवरच्या फोनला इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ता बहुतेक वेळा नसतोच. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते जगभरात मिळून साधारण ४२९ कोटी, आणि जोडायची यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाईल कंपन्या एकेका पत्त्यामागे ढिगानं ग्राहक बसवतात. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्त्यांचा पट्टा वेगळा राखून ठेवला गेला. वायफाय बंद करून फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. तो या पट्ट्यातला किंवा १० नं सुरू होणारा दिसला, तर तुम्ही त्या भिंतीच्या आत आहात. आतून बाहेर निरोप गेला की त्याचं उत्तर आत येऊ देतात, पण बाहेरून कोणी पहिला निरोप पाठवला तर तो कोणाच्या घरी न्यायचा हेच भिंतीला ठाऊक नसतं, म्हणून तो टाकून देतात. तुमच्या गेममध्ये एक फोन सर्व्हर होतो आणि दुसरा त्याचा आयपी टाकून दार ठोठावतो. घरच्या वायफायवर दोघं एकाच अंगणात असतात. सिमवर दोन भिंती मध्ये येतात.

यावर 'होल पंचिंग' नावाची युक्ती आहे. दोघांनीही एका तिसऱ्याला विचारून आपला बाहेरचा पत्ता काढायचा आणि एकाच वेळी एकमेकांकडे निरोप पाठवायचे, म्हणजे दोन्ही भिंतींना भोक पडतं. वेबआरटीसी ही थेट जोडणीची तयार पद्धत हेच करते. गोडोत त्याची सोय आहे, पण अँड्रॉइडवर वेगळं एक्स्टेन्शन जोडावं लागतं. मात्र मोबाईल कंपन्यांच्या काही भिंती दर नव्या पत्त्यासाठी नवं भोक पाडतात, तिथं ही युक्ती चालत नाही. मग मध्ये दोघांचे निरोप इकडून तिकडे नेणारा टर्न सर्व्हर लागतो. त्यासाठी कोटर्न हे चांगलं ओपन सोर्स आहे, पण सर्व्हर ठेवायचाच असेल तर सरळ गेमचाच ठेवा ना. आयपीव्ही६ या नव्या, भरपूर पत्त्यांच्या पद्धतीवर काही जणांची थेट जोडणी होऊनही जाते, तिच्या भरवशावर स्पर्धा मात्र ठेवू नका. म्हणजे रस्ते दोनच उरतात: मध्ये सर्व्हर, नाहीतर इंटरनेटच नको. तुम्हाला दोन्ही लागणार आहेत, ते पुढे सांगतो.

आता मिडलवेअर. पटात बैल धावतात, धुरकरी (जोडी हाकणारा) हाकतो, पण पट भरतो तो बाकीच्या माणसांवर. एक जण झेंडी दाखवतो, एक घड्याळ धरतो, एक वहीत जोडीचा नंबर आणि सेकंद लिहितो, एक माईकवर पुकारतो. गेममध्ये बैल आणि धुरकरी तुमचे. बाकीची सगळी माणसं म्हणजे मिडलवेअर. आणि जो जोडी हाकतो त्याच्या हातात कोणत्याही गावात घड्याळ देत नाहीत. तुमच्या गेममध्ये नेमकं तेच झालंय: ज्याचा फोन सर्व्हर, तोच खेळाडू, तोच पंच. घरात खेळताना चालतं. बक्षीस ठेवलं की पहिल्याच दिवशी भांडण होईल.

बाजारातल्या नावांचा गोंधळ होतो, कारण ही वेगवेगळ्या कामाची माणसं आहेत. ईनेट, केसीपी किंवा व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ साली खुली केलेली गेमनेटवर्किंगसॉकेट्स ही नुसती निरोप नेणारी. गोडोची जोडणी मुळात ईनेटवरच चालते. ली सॅल्झमन यांनी ती क्यूब नावाच्या नेमबाजीच्या गेमसाठी लिहिली, आणि यूडीपीवर (निरोप पोहोचल्याची खात्री न देणारी इंटरनेटची पद्धत) काही निरोप 'पोहोचलाच पाहिजे' आणि काही 'पोहोचला तर पोहोचला' अशा दोन तऱ्हांनी पाठवता येणं ही तिची खरी ताकद. कोलिसियस खोल्या चालवतं: कोण आत आला, कोण गेला, खोलीत आत्ता काय स्थिती आहे आणि त्यात काय बदललं तेवढंच सगळ्यांना कळवायचं. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनावरचे लोक मिरर वापरतात, तेही साधारण याच घरातलं. नाकामा ही अख्खी पंचायत आहे: खाती, मित्र, जोड्या लावणं, गुणतक्ता, स्पर्धा, गप्पा आणि वर सामनाही. गूगल आणि यूबिसॉफ्टनं मिळून काढलेलं अगोनेस शेकडो सर्व्हरांचा कळप सांभाळायला आहे. त्याच्याकडे तुम्ही बघूही नका.

पण तुम्हाला यातलं लागतं काय, हे गेम पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून म्हणतो, पट पाहून या. थट्टा नाही. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद पडले, परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमच्या वयाच्या पोरांनी शाळेच्या वर्षांत पट बघितलाच नसणार. जाऊन बघितला की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरेल. कुठं दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात, कुठं एकेक जोडी घड्याळावर. दोन्हीकडे एक जोडी दुसरीला हात लावत नाही. आपापल्या वाटेनं धावायचं, निकाल सेकंदावर.

नेटवर्कच्या दृष्टीनं हे सोनं आहे. कबड्डीचा गेम असता तर मी तुम्हाला हात जोडले असते. कबड्डीत माझा हात तुमच्या पायाला लागला की नाही, हे दोन्ही फोनांना एकाच क्षणी पटावं लागतं आणि १०० मिलिसेकंदांच्या उशिरानं निकाल फिरतो. पटात तसं नाही. माझी जोडी माझ्याच फोनवर, माझ्या टॅपवर, एका क्षणाचाही उशीर न होता धावली पाहिजे. तुमची जोडी माझ्या पडद्यावर पाव सेकंद मागं दिसली तर बिघडत काय? कोणाच्या ध्यानातही येणार नाही. एकदम अचूक हवा तो फक्त शेवटचा आकडा.

म्हणून माझा सल्ला असा की तुमच्या पटाचा गाभा थेट जोडणीवर उभाच करू नका. प्रत्येक खेळाडू आपल्या फोनवर धावेल. फोन फक्त टॅपांच्या वेळा लिहून ठेवेल: सुरुवातीपासून किती मिलिसेकंदांनी टॅप झाला. एका टॅपला दोन बाइट पुरतात, कारण दोन बाइटांत ६५ सेकंदांपर्यंतची वेळ मावते आणि तुमची धाव त्याच्या कितीतरी आत संपते. शंभर टॅप म्हणजे २०० बाइट. एका एसएमएसमध्ये १४० बाइट असतात, म्हणजे अख्खी धाव दोन एसएमएसच्या आत बसली. ही नोंद सर्व्हरला मिळाली की सर्व्हर तीच धाव स्वतः परत खेळून बघतो आणि सेकंद तोच ठरवतो. फोननं सांगितलेल्या सेकंदावर विश्वास ठेवायचाच नाही. शेजारच्या वाटेवर धावणारी जोडी म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी आधी नोंदलेली धाव. रेंज नसली तरी गेम चालतो, पोरगा शेतातून घरी आला, फोनला काडी दिसली, की नोंद वर जाते.

यात एक खाच आहे, तिथं मी स्वतः पडलोय. सर्व्हरवर परत खेळलेली धाव फोनवरच्या धावेशी तंतोतंत जुळली पाहिजे. दशांश चिन्हाच्या संख्यांवर भौतिकी चालवली तर वेगळ्या प्रोसेसरवर किंवा वेगळ्या कंपायलरनं शेवटचा आकडा जरासा बदलू शकतो, आणि हजार पायऱ्यांनंतर तो जरासा फरक बैलाचं एक ढांग होतो. वेग, अंतर, दम हे सगळं पूर्णांकात ठेवा. मीटर नको, मिलिमीटर घ्या. इंजिनाची भौतिकी फक्त दिसण्यापुरती, निकालाचं गणित वेगळं, आणि ते सेकंदाला ठरलेल्या ६० पायऱ्यांनीच चालवा. फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी पायऱ्या तेवढ्याच पडल्या पाहिजेत. बैल बिचकणं, ठेचकाळणं असं काही योगायोगाचं ठेवलं असेल तर त्याचं बीज (ज्या आकड्यावरून हे योगायोग निघतात तो) सर्व्हरकडून धावेच्या आधी घ्या. बिनारेंजच्या धावांसाठी दहा-वीस बीजं आधीच उतरवून ठेवा, आणि एक बीज एकदाच वापरता येईल असं करा. नाहीतर पोरं चांगलं बीज लागेस्तोवर तीच धाव घोटत बसतील.

तरीही थेट धावण्याची मजा वेगळी, हे मान्य. मंडईत तर समोरासमोरच हवं. तिथं इंटरनेटवर विसंबू नका. मंडईच्या दिवशी गावात चार गावची माणसं येतात, सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर, रात्री झाडीपट्टीचं नाटक, त्याचे व्हिडिओ. त्यात लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की संपलंच. म्हणून एक स्वस्त वायफाय राऊटर घ्या, सिम-बिम काही नको. राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी त्याला चालते. ८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९६ वॉट-तास, राऊटर ५-६ वॉट खातो. बॅटरी जुनी धरून निम्मंच मोजलं तरी सात-आठ तास निघतात. अडॅप्टरवर ९ व्होल्ट असेल तर मात्र थेट लावू नका, राऊटर जळेल. फोनच्या हॉटस्पॉटवरही काम होतं, पण बऱ्याच फोनांवर आठ-दहा जणांच्या वर कोणी शिरत नाही, आणि फोन तापतो.

सर्व्हर म्हणून एक जुना लॅपटॉप. त्यावर गोडोचाच गेम पडद्याविना, हेडलेस चालवा, ईनेटसकट. कोडात फक्त एवढा फरक की हा सर्व्हर खेळत नाही, पंच म्हणून बसतो. नाकामा नको, कोलिसियस नको. या कामाला गोडोमध्ये जे आहे ते पुरून उरतं.

इथं तुमचा वेळ खाणाऱ्या गोष्टी नेटवर्कच्या नसतील, अँड्रॉइडच्या असतील. गोडोतून एपीके (फोनवर टाकायची फाइल) काढताना इंटरनेटची परवानगी टिक करायला विसरलं की कॉम्प्युटरवर चालणारा गेम फोनवर मुका होतो. प्रत्येक जण एकदा तरी यात अडकतो. दुसरं, बिनइंटरनेटच्या वायफायला जोडलं की फोन काही सेकंदांनी म्हणतो 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' आणि गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो. खेळाडूंना डेटा बंद करायलाच सांगा. मी एका गावी वीस मिनिटं राऊटर उघड-बंद करत बसलो होतो. शेवटी एका शाळकरी पोरीनं विचारलं, "काका, डेटा चालू ठेवून राहिले काय सगळे?" तेच होतं. तिसरं, सर्व्हर आपोआप सापडावा म्हणून ब्रॉडकास्ट पाठवायची युक्ती. ती पुष्कळ फोनांवर चालत नाही, कारण बॅटरी वाचवायला अँड्रॉइड वायफायवरचे असे सर्वांसाठीचे निरोप गाळतं. ते घ्यायचे तर मल्टिकास्ट लॉक वेगळा मागावा लागतो. त्यात शिरूच नका. लॅपटॉपला राऊटरमध्ये ठरलेला पत्ता द्या, त्याचा क्यूआर कोड छापून मंडपाच्या खांबाला चिकटवा. क्यूआर आता पानठेल्यावरही असतो, लोकांना शिकवावं लागत नाही.

थेट धावेत सुरुवात कशी करायची ते नीट समजून घ्या. 'सुटा!' असा निरोप सर्व्हरनं पाठवला तर ज्याचा फोन लवकर ऐकतो तो आधी सुटतो. त्याऐवजी सर्व्हरनं सांगायचं, 'माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली की सुटा', आणि ती वेळ तीन सेकंद पुढची ठेवायची. त्यासाठी फोनला सर्व्हरच्या घड्याळाचा अंदाज हवा. दहा वेळा विचारा, ज्या वेळी उत्तर सगळ्यात झटकन आलं ती खेप धरा, जाण्या-येण्याच्या वेळेचा निम्मा भाग जोडा. फोनवर दिसणारं तारीख-वेळेचं घड्याळ वापरू नका. ते कोणीही मागं-पुढं करतं. चालू झाल्यापासूनचे टिक मोजणारं घड्याळ घ्या.

समोरच्याची जोडी सेकंदाला १० वेळा कळवली की पुरे, आणि 'पोहोचला तर पोहोचला' या तऱ्हेनं. प्रत्येक निरोपावर क्रमांक टाका, जुना निरोप मागून आला तर फेका. पडद्यावर ती जोडी मुद्दाम २०० मिलिसेकंद मागं दाखवा, म्हणजे आधीची आणि नंतरची अशा दोन्ही जागा हातात असतात आणि मधली चाल गुळगुळीत काढता येते. एखाददुसरा निरोप हरवला की फोन अंदाजानं पुढं नेतो. हा अंदाज पाव सेकंदाच्या पुढं जाऊ देऊ नका. माझ्या पहिल्या गेममध्ये ही मर्यादाच नव्हती. टेस्ट करणारा मित्र ओरडला, "भाऊ, बैल हवेत उडून राहिला ना बे!" निरोप येणं थांबलं होतं आणि बैल शेवटच्या वेगानं गावाबाहेर निघाला होता.

डेटाचं बोलायचं तर जागा, वेग आणि क्रमांक मिळून १२ बाइट, आयपी आणि यूडीपीचं वेष्टन २८ बाइट, ईनेटचं थोडंफार. ५० धरा. सेकंदाला १० म्हणजे तासाला १८ लाख बाइट, २ एमबीसुद्धा नाही. मी एके काळी जेसनमध्ये, म्हणजे सगळं अक्षरांत लिहून, ३०० बाइटांचा निरोप सेकंदाला ६० वेळा पाठवत होतो. तासाला ६५ एमबी. तेव्हा जिओ यायचं होतं, लोक १ जीबी महिनाभर पुरवायचे. दोन दिवसांत पोरांनी गेम काढून टाकला आणि बरोबरच केलं.

आता इंटरनेटवरचा भाग: नोंदी घ्यायच्या, पडताळायच्या, तालुक्याचा गुणतक्ता दाखवायचा, आठवड्याची स्पर्धा ठेवायची. इथं मी नाकामा घेईन. खाती, गुणतक्ता आणि स्पर्धा तयार मिळतात, अपाचे २.० परवाना आहे, गोडोसाठी, गोडोच्याच जीडीस्क्रिप्ट भाषेत लिहिलेला, त्यांचा स्वतःचा क्लायंट (गेमच्या बाजूचा भाग) आहे. सर्व्हर गो भाषेत लिहिलेला आहे. तुमचं पडताळणीचं कोड गो, लुआ किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये टाकता येतं. फोनच्या ओळखीवर खातं उघडता येतं, म्हणजे गावातल्या माणसाला ईमेल विचारावा लागत नाही. (फोन बदलला की खातं गेलं, म्हणून नंतर कधीतरी दुसरी ओळख जोडायची सोय ठेवा.) बरोबर पोस्टग्रेस डेटाबेस लागतो. दोन्ही डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर डब्यात बांधून चालवायची सोय) छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर बसतात. मोफतच्या आवृत्तीत एकच सर्व्हर चालतो, अनेक सर्व्हर एकत्र बांधायची सोय पैसे मोजून मिळते. तालुका सोडा, जिल्ह्यालाही एक पुरेल, कारण तुमच्या नोंदी दोन एसएमएसएवढ्या आहेत.

कोलिसियस वाईट नाही. एमआयटी परवाना, नोड जेएसवर चालतं, आणि तुमच्यापैकी कोणाला जावास्क्रिप्ट येत असेल तर संध्याकाळी बसून रात्री खोली चालू होते. पत्ते, चौसर, टेबलावरचे गेम असते तर मी तेच सांगितलं असतं. पण गुणतक्ता आणि खाती तिथं तुम्हालाच लिहावी लागतील. दोघांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनशी त्यांचं थेट बोलणं वेबसॉकेटवर, म्हणजे टीसीपी या निरोप रांगेनंच पोहोचवणाऱ्या पद्धतीवर चालतं. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की मागची सगळी रांगेत थांबतात. नोंदी पाठवायला याचा काही त्रास नाही, उलट बरंच. थेट धावेला मात्र कमजोर रेंजमध्ये हिसके बसतात. म्हणूनच थेट धाव मंडईत ईनेटवर, आणि इंटरनेटवर नोंदींची.

सर्व्हर मुंबईतला घ्या. नागपूर ते मुंबई ८०० किलोमीटर धरले आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर जातो, तर जाऊन येऊन ८ मिलिसेकंद. बाकी जो उशीर दिसतो तो फोन आणि टॉवर यांच्यामधला आणि संध्याकाळच्या गर्दीचा. अमेरिकेतला सर्व्हर फुकट मिळतो म्हणून घेतला तर त्यावर २०० मिलिसेकंदांच्या पुढची भर. आणि फुकटचे सर्व्हर कोणी आलं नाही की झोपतात. मी एकदा असाच ठेवला होता. दर सकाळच्या पहिल्या खेळाडूला वाटायचं गेम बिघडला.

सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवावा, असं विचाराल तर तुटलेली जोडणी परत जुळवण्यावर. शहरातली पोरं हा भाग शेवटी लिहितात. आपल्याकडे तो पहिला लिहायचा, कारण जोडणी तुटणं हीच आपली रोजची तऱ्हा. धाव चालू असताना आईचा फोन आला की गेम मागं जातो. ज्या सिमवर व्होल्टे (४जीवरूनच कॉल) नाही तिथं कॉल सुरू होताच फोन खालच्या नेटवर्कवर उतरतो आणि डेटा अडतो. वायफायवरून सिमवर गेलं की पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी मेलेलीच असते. फोनला मात्र ते बराच वेळ कळत नाही. म्हणून दर पाच सेकंदांनी एक छोटा निरोप, तीन उत्तरं चुकली की मेली असं धरा आणि गुपचूप परत जोडा. पडद्यावर मोठी लाल चौकट आणू नका, कोपऱ्यात बारीक खूण पुरे. तुटलेल्या खेळाडूची जागा ३० सेकंद राखून ठेवा. कोलिसियसमध्ये त्यासाठी तयार सोय आहे, गोडो-ईनेटवर तुम्हाला लिहावी लागेल: प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला एक गुप्त क्रमांक द्यायचा, परत आल्यावर त्यावरून ओळखायचं, ईनेटनं दिलेल्या नव्या क्रमांकावरून नाही. आणि नोंद पाठवताना सर्व्हरनं 'मिळाली' म्हणेपर्यंत ती फोनमधून पुसायची नाही. 'मिळाली' हे उत्तरच वाटेत हरवलं तर तीच नोंद दुसऱ्यांदा येणार, म्हणून प्रत्येक धावेला स्वतःचा क्रमांक हवा, नाहीतर एका धावेचे दोन निकाल लागतील.

तपासायचं कसं? लिनक्सवर नेटएम नावाची सोय आहे. तिच्यानं २०० मिलिसेकंद उशीर, त्यात ८० चा चढउतार आणि शंभरात पाच पॅकेट हरवणं असं खोटं नेटवर्क टेबलावर उभं करता येतं. रोजचं काम त्यावरच करा. आठवड्यातून एकदा मात्र दोघांनी साकोलीहून भंडाऱ्याच्या एसटीत बसा, तिसऱ्यानं घरी. हायवेवर टॉवर भराभर बदलतात. मग एकदा नागझिऱ्याच्या बाजूनं जंगलातून जाऊन या, तिथं रेंज पार नाहीशी होऊन परत येते. त्या वळणावर ज्या चुका सापडतील त्या नेटएममध्ये महिनाभर सापडणार नाहीत.

ओपन सोर्सचा हट्ट तुम्ही धरलाय तो योग्य आहे. गूगलनं प्ले गेम्समधली अनेक खेळाडूंची सेवा ३१ मार्च २०२० ला थांबवली, युनिटीनं आपलं जुनं जोडणीचं मिडलवेअर यूनेट २०१८ मध्ये मोडीत काढायचं जाहीर केलं. यूनेटवाल्यांना मिरर मिळालं, कारण कोड हातात होता. पण खुलं म्हणजे जिवंत असं नाही. नेटईझ या चिनी गेम कंपनीचं पोमेलो हे मिडलवेअर २०१२ साली मोठ्या गाजावाजात खुलं झालं आणि पुढे थंडावलं. निरोप नेणारं रॅकनेट २०१४ मध्ये ऑक्युलसनं विकत घेऊन खुलं केलं, आता ते संग्रहात पडून आहे. काहीही घेण्याआधी शेवटचा बदल कधी झाला आणि लोकांच्या तक्रारींना कोणी उत्तर देतं का, एवढं बघा. परवान्याचं म्हणाल तर एमआयटी आणि अपाचे या दोन्हींत गेम विकायलाही आडकाठी नाही, फक्त त्यांचा मजकूर गेमच्या 'माहिती' पानावर ठेवावा लागतो. एजीपीएल परवाना लिहिलेलं काही सर्व्हरवर बदलून चालवलं तर ते बदल वापरणाऱ्यांना खुले करावे लागतात, तेवढं ध्यानात असू द्या.

पटावर पैज लावायची सोय गेममध्ये घालायला तुम्हाला कोणीतरी सांगणार, हमखास सांगणार. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे. हात जोडून नाही म्हणा. मंडईत सरपंचानं स्वतःच्या खिशातून जिंकणाऱ्याला घमेलं-फावडं दिलं तर ती गोष्ट वेगळी.

आणि वेळेचा हिशोब आजच करा. प्ले स्टोअरवर गेम टाकायला नवीन वैयक्तिक खातं उघडलं तर गेम सगळ्यांना खुला करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. मंडईच्या तीन आठवडे आधी बारा मित्रांची यादी हातात ठेवा, आणि त्यांत दोन-तीन जास्तीचे घ्या, कारण एक जण तरी फोन पाण्यात पाडतोच.